दहा लाख डॉलर, एक ट्रक आणि एक कॉम्प्रेसर

मागच्या रविवारी बाबांना शेजारी बसवून ‘नेब्रास्का’ पाहिला. माझी तिसरी वेळ, त्यांची पहिली. अलेक्झांडर पेनचा २०१३ सालचा सिनेमा, आणि अख्खा ब्लॅक अँड व्हाइट. पाचव्या मिनिटाला बाबांनी विचारलंच, “टीव्ही बिघडला का रे?”

गोष्ट एवढीशी आहे. मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये राहणारा वुडी ग्रँट, पिऊन पिऊन आणि वयाने खिळखिळा झालेला म्हातारा. त्याला पोस्टाने पत्र येतं की तुम्ही दहा लाख डॉलर जिंकलात. मासिकांची वर्गणी गळ्यात मारायची जुनी युक्ती, बाकी काही नाही. पण वुडीचं म्हणणं, पत्रात लिहिलंय म्हणजे जिंकलो. पोस्टावर त्याचा भरवसा नाही, म्हणून तो बक्षीस आणायला चालत निघतो. नेब्रास्कातल्या लिंकनला. अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास! पोलीस हायवेवरून परत आणतात, हा पुन्हा निघतो. बायको करवादते, थोरला मुलगा म्हणतो यांना वृद्धाश्रमात ठेवा. शेवटी धाकटा डेव्हिड कामाला दांडी मारतो आणि बापाला गाडीत घालून निघतो. पैसे मिळणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कुणाला वाटेल, इतकं भोळं कोण असतं? असतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत खरोखरच म्हातारी माणसं अशी पत्रं हातात घेऊन विमानाने फ्लोरिडातल्या टॅम्पाला पोचली होती, आमचे पैसे द्या म्हणायला. प्रकरण इतकं वाढलं की १९९९ मध्ये तिथे कायदा करावा लागला: काही विकत घ्यायची गरज नाही, आणि घेतल्याने जिंकायची शक्यता वाढत नाही, हे पत्रात स्पष्ट छापा. म्हणजे ‘जिंकलात!’ हे ठळक अक्षरात आणि ‘जर’ मुंगीच्या अक्षरात, हा धंदा चांगला जोरात चालला होता.

आता माझा मुद्दा. हा सिनेमा बापलेकाच्या प्रवासाचा म्हणून सगळे सांगतात, रडतात, शेअर करतात. मला तो हिशेबाचा सिनेमा वाटतो. नशीब उघडलं की माणूस बदलतो, असं आपण ऐकत आलोय. इथे वुडी तसूभरही बदलत नाही. बदलते ती आजूबाजूच्यांची वही.

वाटेत हॉथॉर्नला, वुडीच्या जुन्या गावात, मुक्काम पडतो (हे गाव काल्पनिक आहे, नकाशात शोधू नका). डेव्हिडने बजावलेलं असतं, पैशाचं बोलायचं नाही. वुडी पहिल्या संधीला बारमध्ये बोलून टाकतो. आणि एका रात्रीत सगळं गाव हळवं होतं. लोक पाठ थोपटतात, टाळ्या वाजवतात. मग हळूच येणी निघायला लागतात. जुना भागीदार एड पेग्रम डेव्हिडला बाजूला घेऊन दम देतो. नातेवाईक म्हणतात, आम्ही याला वर्षानुवर्षं किती मदत केली, आता आमचा वाटा. तेव्हा वुडीची बायको केट सगळ्यांना उभं आडवं सोलते. जून स्क्विबला या भूमिकेसाठी ८४व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. कमीच झालं असं माझं मत. सिनेमाभर नवऱ्याला टाकून बोलणारी ही बाई दुसरं कुणी त्याला बोललं की वाघीण होते. हे असं लग्न पडद्यावर फार कमी वेळा खरं दिसतं.

आणि हळूहळू डेव्हिडला कळत जातं की हिशेब नेमका उलटा आहे. बाप कुणाला नाही म्हणू शकायचा नाही. मागितलं की द्यायचा, आणि परत कुणीच केलं नाही. गावातलं छोटं वर्तमानपत्र चालवणारी पेग, वुडीची जुनी मैत्रीण, डेव्हिडला वुडीच्या कोरियाच्या युद्धातल्या दिवसांबद्दल सांगते. घरी आयुष्यभर ज्याला बेवडा आणि नालायक म्हटलं, त्या माणसाची ही बाजू मुलाला एका परक्या बाईकडून कळते. पेग ते इतकं साधेपणाने सांगते की डेव्हिडला काय चेहरा करावा हे समजत नाही. डेव्हिड झालेला विल फोर्टे हा मुळात विनोदी नट. इथे तो जवळजवळ काहीच करत नाही आणि तेच बरोबर आहे.

वुडीला दहा लाखांत काय हवंय? एक नवा ट्रक आणि एक एअर कॉम्प्रेसर. बस्स. जुना कॉम्प्रेसर एडने कधीकाळी नेला तो परत दिला नाही, हा सल चाळीस वर्षांचा. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. कर्तृत्व, सन्मान वगैरे मोठे शब्द एकदाही येत नाहीत. कॉम्प्रेसर येतो. मग दोघे भाऊ (थोरला म्हणजे बॉब ओडेनकर्क, ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेतला आपला वकीलसाहेब) बापासाठी तो कॉम्प्रेसर चोरायला जातात आणि भलत्याच माणसाच्या घरातून उचलून आणतात. मी इथे दर वेळी तितकाच हसतो.

तक्रार करायचीच तर ते दोन जाडे चुलतभाऊ. बिलिंग्जहून यायला दोन दिवस लागले म्हणून फिदीफिदी हसणारे. एकदा मजा येते, तिसऱ्यांदा वाटतं की दिग्दर्शक स्वतःच्याच मातीतल्या माणसांना जरा जास्तच चिमटे काढतोय. पेन स्वतः नेब्रास्कातल्या ओमाहाचा, म्हणून त्याला चालतं म्हणा. पण टीव्हीसमोर बसलेले ते सगळे भाऊ, एकही जण एकमेकांकडे न बघता जुन्या गाड्यांबद्दल चार शब्द बोलतात आणि गप्प होतात, तो प्रसंग थट्टा नाही. बाबा तिथे पुटपुटले, “असंच असतं.” मी विषय वाढवला नाही.

आता शेवट सांगणार आहे. पाहायचा असेल तर इथे थांबा.

लिंकनच्या ऑफिसात एकच बाई. ती नंबर तपासते, नाही लागला म्हणते, आणि भेट म्हणून टोपी देते. टोपीवर लिहिलेलं, ‘बक्षीस विजेता’. मग डेव्हिडला हळूच विचारते, यांना अल्झायमर आहे का? तो म्हणतो, नाही, लोक जे सांगतात ते त्यांना खरं वाटतं. यावर ती जे म्हणते त्याचा अर्थ एवढाच, की मग वाईटच. वुडी झालेल्या ब्रूस डर्नला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो माझ्या लेखी या टोपीसाठीच. ती घातल्यावर त्याच्या चेहऱ्यावर अपमानही नाही आणि आनंदही नाही. पैसे कशाला हवे होते, हे त्याने आधीच एकदा सांगून टाकलेलं असतं: तुम्हा मुलांसाठी काहीतरी मागे ठेवायचं होतं.

मग डेव्हिड स्वतःची गाडी देऊन ट्रक घेतो. नवा कॉम्प्रेसरही. आणि हॉथॉर्नच्या मुख्य रस्त्यावर बापाला स्टिअरिंगवर बसवून स्वतः सीटखाली दडून बसतो. बाहेरून दिसायला ट्रकमध्ये वुडी एकटाच. एड बघतो, पेग बघते. गाव संपलं की वुडी ट्रक थांबवतो, दोघे जागा बदलतात. कुणी कुणाला मिठी मारत नाही.

काही मित्र म्हणतात, हे खोटं आहे, म्हाताऱ्याला फसवणंच झालं. मला पटत नाही. वुडीला सगळं कळलेलं असतं. गावाला दाखवायचं होतं, ते दाखवून झालं. मुलगा इतका वेळ समजावून थकला होता, आणि जेव्हा त्याने समजावणं सोडलं तेव्हा पहिल्यांदा बापाच्या उपयोगी पडला.

नावं सरकली, मी डोळे पुसत होतो. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “ट्रक कुणाच्या नावावर केला पोराने?”

“वडिलांच्या.”

“हं.” थोडं थांबून, “लायसन्स आहे का पण त्याचं?”