काढून टाका तो थर्मोस्टॅट!

बॉनेट उघडलं की माणसं जमतात. काल सकाळी एकटे शेजारचे काकाच जमले, पण चौघांचं काम ते एकहाती निभावतात. तक्रार साधी होती: इंजिन चालू होऊन बराच वेळ झाला तरी हीटरमधून गार वारा, आणि हमरस्त्याला लागलं की तापमानाचा काटा खाली.

"थर्मोस्टॅट काढून टाका," काका म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याला थंड करणारा द्रव, कूलंट, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

"काका, तो काढला तर इंजिन आणखी उशिरा तापेल."

"पण गाडी गरम तर होणार नाही ना?"

"होत नाहीये, हीच तक्रार आहे."

"मग झालं तर! काढून टाका."

मी मुकाट्याने कूलंटची पातळी पाहिली. ती आधी पाहायची, आणि इंजिन थंड असतानाच. कूलंट कमी असेल तर हीटरच्या कोरमध्ये, म्हणजे आतला वारा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये, हवा शिरते आणि बाकी सगळं धडधाकट असूनही वारा गारच येतो. पातळी ठीक होती. मग इंजिन सुरू केलं. काकांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला, तो मी अडवला. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. यावर काका रुसले आणि टॉर्च धरून उभे राहिले. ते बोलताना हातवारे करतात, त्यामुळे उजेड बोलण्याच्या दिशेने जातो. इंजिन सोडून अख्ख्या कंपाउंडची भिंत मला स्वच्छ दिसली.

खरी परीक्षा रेडिएटरच्या वरच्या होजची, म्हणजे रबरी नळीची. पंख्यापासून हात लांब ठेवून तो चाचपायचा. थर्मोस्टॅट नीट असेल तर इंजिन तापेपर्यंत हा होज जवळपास गार राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की झपाट्याने तापतो. आमचा पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला.

"होतोय की गरम! गाडी उत्तम आहे," काका म्हणाले.

हीटरकडे जाणारे दोन्ही होजही सारखेच कोमट होते. एक कडक आणि दुसरा गार असता तर कोर तुंबलाय, हवा अडकलीय किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कडक असून वारा गार असता तर डॅशबोर्डमागची हवेची झडप तपासायची.

इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंट बादलीत काढलं. चवीला गोड आणि विषारी असतं ते, त्यामुळे कुत्र्यामांजरांपासून लांब झाकून ठेवलं. थर्मोस्टॅट बाहेर निघाला. आतलं मेण तापलं की फुगतं आणि झडप उघडतं. त्यावर कोरलेले ८८ म्हणजे उघडायला सुरुवात होण्याचं तापमान. हा हातात गार असतानाच अर्धा उघडा होता. काकांनी तो डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं.

"आरपार दिसतंय. म्हणजे असून नसल्यासारखाच. मग काढूनच टाका की!"

अहो, असून नसल्यासारखा आहे म्हणूनच तर इंजिन गारठतंय! हा सल्ला फुकट मिळतो आणि इंजिन त्याची किंमत मोजतं. थंड इंजिन जास्त इंधन पितं, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरंचसं कूलंट रेडिएटर टाळून फिरतं, आणि चढावर गाडी उलट तापते. हे सांगून झालं तेव्हा काका फोनवर होते.

नवा आधी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहिला. नव्वदीच्या आसपास उघडला. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला, म्हणजे हवा तिथून सुटते. गॅस्केट नवं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, सावकाश ओतलं. मग गाडीचं नाक चढाकडे करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर कोरमधली हवा तिथेच राहते. बुडबुडे थांबेपर्यंत हीटरच्या बटणाला हात लावायचा नाही.

काका पुढच्या सीटवर येऊन बसले. "फार उकडतंय हो," म्हणाले आणि बटण गारवर फिरवलं. मी परत गरमवर फिरवलं. त्यांनी काच खाली केली.