‘दशांश बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘जागे व्हा, दशांश बंद करा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, ग्रुपवर फिरतोय. खडकीतून पिंपरीला, पिंपरीतून वडगाव शेरीला. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं: दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाच्या कामासाठी देणं, हा ज्यूंचा नियम होता, नव्या करारात तो कुठेच नाही, तो धान्याचा होता, पगाराचा नव्हे, प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, पाळकांनीही तसंच करावं, चर्चला परदेशातून पैसा येतोच, द्यायचंच तर थेट गरिबाला द्या, आणि हिशेब तर कोणीच देत नाही.

मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. दशांश थांबला तर पहिला घाम मलाच फुटणार, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

‘नव्या करारात कुठेच नाही’ हे तर सरळसरळ चूक. मत्तय २३:२३ मध्ये येशू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाला, सुनावतो की पुदिना, शेप, जिरे यांचासुद्धा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास मात्र सोडून देता. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. लूक १८ मधला परुशी मंदिरात उभा राहून स्वतःच्या दशांशाची जाहिरात करतो. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात अब्राहामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिलेला दशांश आहे. अब्राहाम ज्यूंचं नियमशास्त्र देणाऱ्या मोशेच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे ‘मोशेबरोबर आला आणि मोशेबरोबर गेला’ हेही जमत नाही.

खरं तर लिहिणाऱ्याने नीट शोधलं असतं तर याहून बळकट मुद्दा त्याच्या हाती लागला असता. अब्राहामाने दिला तो लढाईतल्या लुटीचा दशांश. दरमहाचा काही उल्लेख नाही. येशू बोलला ते नियमशास्त्राखालच्या परुश्यांशी. आणि यरुशलेमेतल्या प्रेषितांच्या सभेने परराष्ट्रीय (ज्यू नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना जे पत्र धाडलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५), त्यात मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढंच वर्ज्य सांगितलंय. दशांशाचं नाव नाही. कॅथलिकांच्या कॅनन कायद्याचं २२२वं कलमसुद्धा चर्चच्या गरजांना हातभार लावायला सांगतं, टक्का सांगत नाही. तेव्हा दहा टक्के हा ख्रिस्ती माणसावरचा कायदा आहे, असं मीही म्हणत नाही. जे प्रचारक तसं म्हणतात त्यांच्याकडे पुढे येतोच.

गडबड होते ती यानंतर. नियम सुटला म्हणून देणं सुटलं, हे कुठून काढलं? जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. पहिल्या मंडळीतल्या बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः हलाखीत असताना ऐपतीबाहेर दिलं, वर ‘आम्हाला देऊ द्या’ म्हणून पौलाच्या विनवण्या केल्या. यातल्या कोणीही दहाने भागत बसल्याचं दिसत नाही. करिंथच्या मंडळीला पौल सांगतो की ज्याने त्याने मनाशी ठरवून द्यावं, कुरकुरत नको, भाग पडलं म्हणूनही नको. रविवारी अर्पणाची थैली समोर आल्यावर खिशात सुट्टे चाचपणं म्हणजे काही ठरवून देणं नव्हे.

‘धान्याचा होता, पगाराचा नव्हे’ या मुद्द्यासाठी जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय १४, उघडलं तरी पुरे. ठिकाण लांब असेल तर दशांशाचं धान्य विकावं आणि चांदी गाठीला बांधून न्यावी, असं तिथेच लिहिलंय. शेती करणारा समाज होता, म्हणून धान्य. हिंजवडीत काम करणारा ज्वारीची रास कुठून आणणार? याच मुद्द्याचा धाकटा भाऊ म्हणजे ‘हातात येणाऱ्या पगारावर की सीटीसीवर, पीएफ कापण्याआधी की नंतर?’ हा प्रश्न. तरुण संघात तो हटकून निघतो. विचारणाऱ्याला मी पुदिना-जिऱ्याचं वचन पुन्हा वाचायला सांगतो. धान्याचंच म्हणाल, तर आमच्याकडे हंगामाच्या उपासनेला अजूनही भोपळे, केळीचे घड, अंडी, घरचे केक येतात आणि उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. दीडशेचा भोपळा अकराशेला जातो, घेणारा तो तिथल्या तिथे परत देतो आणि पुन्हा बोली लागते. त्या भोपळ्याचा दशांश कोणी काढून दाखवावा.

पौल तंबू शिवायचा हे खरं. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून. पण त्याने आपला हक्क सोडला होता, हक्कच नाही असं म्हटलं नव्हतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो आधी ठासून सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असं प्रभूनेच ठरवलंय, आणि मग स्वतःपुरतं म्हणतो की मी ते घेतलं नाही. फिलिप्पैकरांनी मात्र त्याला थेस्सलनीकेतही पैसे पाठवले, तेही एकदाच नव्हे. आणि दुसऱ्या पत्रात तो करिंथकरांना चक्क टोमणा मारतो: तुमची सेवा करायची म्हणून मी दुसऱ्या मंडळ्यांना लुटलं, वेतन त्यांच्याकडून घेतलं. मेसेजवाल्याने नेमकं हेच वचन गाळलंय. बरं, पाळकसाहेबांनी दिवसभर नोकरी करावी, हरकत नाही. मग मंगळवारी दुपारी ससूनच्या वॉर्डात प्रार्थनेला कोण जाणार, पहाटे मयताचा फोन आला की दफनभूमीतल्या खड्ड्यापासून शवपेटीपर्यंत कोण बघणार, तेही लिहायला हवं होतं.

परदेशी पैशाचा मुद्दा लोकांना लगेच पटतो, कारण त्यामागे इतिहास आहे. पुण्यातली जुनी देवालयं काही आपल्या आजी-आजोबांच्या वर्गणीतून उभी राहिलेली नाहीत. कॅम्पातलं सेंट मेरीज लष्करातल्या इंग्रजांसाठी बांधलं गेलं, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय अँग्लिकन मिशनचं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं, ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर. पण ती मदतही दहा वर्षांच्या बोलीवर होती. कायम कोणी पोसणार नाही, हे देणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यांनाही. नगरला काम करणारं मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं, त्याचे सचिव रूफस अँडरसन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगत होते की इथल्या मंडळ्यांनी आपला कारभार, आपला प्रसार आणि आपला खर्च स्वतः उचलावा. पुण्यातल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांचं मूळ त्याच नगरकडचं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला, तोही याच अस्वस्थतेतून.

आता आजचं बोलू. २०१०च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशातून देणगी घेताच येत नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरावा लागतो, एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आलीय. म्हणजे ‘वर कुठेतरी येतो आणि खाली झिरपतो’ ही जी आपली लाडकी समजूत, तिचा नळच बंद झालाय. आमच्या मंडळीकडे ही नोंदणी नाही. महावितरणचं बिल, पाळकांचा पगार, धर्मप्रांताला जाणारा वाटा, पावसाळ्याआधी कौलांची डागडुजी, हे सगळं रविवारच्या थैलीतून, महिन्याच्या पाकिटांतून आणि आता दाराशी चिकटवलेल्या क्यूआर कोडमधून भागतं. ‘पण कॅम्पात एवढी जागा आहे ना!’ आहे. ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विजेचं बिल भरायला ती विकावी असं मेसेजवालाही म्हणणार नाही.

‘थेट गरिबाला द्या’ या वाक्याशी मात्र भांडावंसं वाटत नाही. पौलाने ज्या वर्गणीसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी पैसे बाजूला ठेवायला सांगितले, ती यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती, इमारतीच्या रंगासाठी नव्हे. अनुवादात तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवून लेवी (मंदिरसेवेचा वंश), उपरा, अनाथ आणि विधवा यांना जेवू घालायला सांगितलाय. मार्क ७ मध्ये येशू त्या लोकांवर चिडतो, जे आईबापांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण’ म्हणून मोकळे होतात. घरी आईची औषधं थांबवून कोणी आमच्याकडे पाकीट आणू नये. पण ‘थेट’ देण्यात एक अडचण आहे: आपण त्यालाच देतो जो आपल्याला दिसतो, जो मागतो. आमच्या गरजू निधीतून गेल्या वर्षी ज्या घराची शाळेची फी भरली गेली, ते घर कधी कोणाकडे मागायला आलं नव्हतं. घरभेटीला गेलेल्या पाळकांच्या लक्षात आलं. त्यांना, मला आणि आणखी एका पंचाला ते नाव माहीत आहे. बाकी मंडळीला फक्त आकडा. मेसेजवाल्याने मंडळीही धरावी आणि शेजारचा गरीबही धरावा, दोन्हीत वैर कोणी लावलं?

मेसेजमागचा राग मला समजतो. तो अशा सभांमधून आलाय जिथे जुन्या करारातल्या मलाखीचा तिसरा अध्याय काठीसारखा वापरला जातो: दशांश दिला नाहीस म्हणजे देवाला लुटलंस, म्हणून तुझा आजार, म्हणून तुझं कर्ज, दे, शंभरपट येईल. हे प्रचारक आठव्या वचनापासून वाचायला लागतात. पाचवं वाचत नाहीत, तिथे मजुराची मजुरी बुडवणाऱ्यावर, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यावर देव उठलाय. पहिला अध्याय तर मुळीच वाचत नाहीत, कारण तिथे आंधळी, लंगडी जनावरं वेदीवर चढवणाऱ्या याजकांचीच खरडपट्टी आहे. विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची (अगदी क्षुल्लक नाण्यांची) गोष्ट सांगतानाही असंच. तिच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो. ते सोईस्करपणे सुटतं. अशा ठिकाणी पाकीट न देणाऱ्याला मी दोष देणार नाही.

राहिला हिशेब. इथे मेसेजवाल्याने चुकीच्या माणसाला दम भरलाय. हिशेब कोणी देत नाही म्हणून देणं थांबवायचं, की देतो म्हणून हिशेब मागायचा? करिंथकरांच्या वर्गणीबाबत पौल स्वतः म्हणतो की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून आम्ही जपतो. म्हणूनच त्याने तीत या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू धाडला. आमच्याकडेही थैली वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) दोघांसमोर उलटी होते, नोटा मोजून वहीत आकडा जातो आणि दोघांच्या सह्या होतात. आमच्यातल्या एकाला नोटांच्या घड्या उलगडण्याचा प्रचंड कंटाळा आहे, तरी ते होतं. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या व्याख्येत देऊळ, मठ यांच्यासोबत चर्चही आहे. नोंदणीकृत ट्रस्टला हिशेब ठेवावेच लागतात आणि हितसंबंध असलेल्या व्यक्तीला गैरकारभाराची लेखी तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते. त्याआधी वार्षिक सभा असते. मेसेज पुढे पाठवणारे त्या सभेत दिसत नाहीत, चहाच्या वेळेला येतात. तुमच्या मंडळीत प्रश्न विचारल्यावर ‘देवाच्या कामात शंका नको’ असं उत्तर मिळत असेल, तर आणखी दोन सभासदांची सही घेऊन सचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्या महिन्याचं पाकीट मात्र देऊन टाका; बिलाची तारीख अर्जासाठी थांबत नाही.