पट्ट्या दोरीवर वाळतात तेही दाखवा

हौशी तरुण बॉक्सरांच्या माहितीपटांवरचा लेख मनापासून आवडला. पण गरिबी आणि शेवटी पदक, एवढंच का दाखवतात? माझी पुतणी साताऱ्यात बॉक्सिंग शिकते. हाताला गुंडाळायच्या लांबलचक पट्ट्या वहिनी रोज रात्री धुते, दोरीवर टाकते, पहाटे परत घट्ट गुंडाळून पिशवीत ठेवते. वजनगट चुकू नये म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री पोर अर्धी भाकरी खाऊन झोपली, तेव्हा वहिनीही जेवली नाही. ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांमागे हे सगळं असतं! आमच्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली ऑलिम्पिकसाठी हेलसिंकीला गेले तेही लोकांच्या वर्गणीवर. तशी वर्गणी देणारी माणसं आजही आहेत, कॅमेरा त्यांच्याकडेही वळवा.