वय मोजा, पण आधी पत्रा ठोकून बघा

मामाच्या मारुती एस्टीम गाडीवरून आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या दोन तट पडले आहेत. गाडी २००५ ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली होती, आता तीही मुदत संपली. मामेभावाचं म्हणणं, भंगारात देऊन टाकू, सर्टिफिकेट मिळेल, नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट घेऊ. मामा म्हणतो, इंजिन घड्याळासारखं चालतंय, मी देणार नाही. बाकीचे नातेवाईक दिल्लीच्या बातम्या फॉरवर्ड करत बसले आहेत. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि पंचवीस वर्षं ओलांडलेली एक गाडी इथे घरच्या घरी, स्वतःच्या हाताने चालू ठेवतो. म्हणून या भांडणात मला बोलायचं आहे, आणि ते ग्रुपवरच्या चार ओळींत मावणारं नाही.

आधी दिल्लीचं बाजूला काढू, कारण निम्मा गोंधळ तिथला आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली ती हरित लवादाच्या आदेशांमुळे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केल्यामुळे. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं; लोक इतके भडकले की काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसत्या वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ (धुराच्या मर्यादेचं भारतीय मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं उरलं. महाराष्ट्रात असली बंदी नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी खासगी गाडी बाद होत नाही, तिची पुन्हा नोंदणी होते, दर पाच वर्षांनी. त्याची फी २०२२ पर्यंत ६०० रुपये होती, मग ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,००० आहे. वर पर्यावरण कर.

फी वाढली याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ज्याला जुनी गाडी ठेवायची हौस आहे त्याने थोडे जास्त पैसे मोजावेत, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो चर्चेच्या रोखावर. सगळे आरसी बुकावरची तारीख वाचतायत. गाडीखाली वाकून बघायला कोणी तयार नाही.

इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते. सात वर्षांची असो की सत्तावीस, तपासणी तीच. ब्रेक रोलरवर चढवून दोन्ही चाकांची पकड सारखी आहे का पाहतात, सायलेन्सरमधून येणारा धूर मोजतात, हेडलाइटचा झोत, टायरची नक्षी, स्टिअरिंगचे सांधे बघतात. आणि हातोडीसारखं एक छोटं अवजार घेऊन खालचा पत्रा ठोकून पाहतात. सीटबेल्ट, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंग जिथे बसवलेलं असतं, त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. तिथे ठिगळ लावायचं तर चारही बाजूंनी सलग वेल्डिंग हवं. पुट्टी भरून वर रंग मारलेला चालत नाही. दोष धोकादायक वर्गातला निघाला तर ती गाडी तशीच चालवत घरी नेणंही गुन्हा आहे.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक तपासणीचा निकाल सरकारी वेबसाइटवर राहतो, २००५ पासूनचा. नंबरप्लेट टाकली की कुणाच्याही गाडीचा इतिहास उघडतो: कोणत्या वर्षी काय नापास झालं, तेव्हा किती मैल झाले होते, ‘पुढच्या वेळी याकडे लक्ष द्या’ म्हणून काय लिहून दिलं. आपल्याकडे जुनी गाडी विकताना ‘सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली’ एवढ्यावर विश्वास ठेवावा लागतो. इथे मालकाच्या स्वभावाची चौकशी करावी लागत नाही, गाडीचीच करता येते.

तपासणीची ही भीती मालकाला गाडीखाली घालते. माझी गाडी नव्वदच्या दशकातली, दोन सीटची, कापडी छप्पर उघडणारी जपानी गाडी आहे. या जातीच्या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, पत्र्याने मरतात. छपरावरचं पाणी सीटच्या मागे दोन बाजूंना असलेल्या भोकांतून खाली जातं आणि मागच्या चाकापुढे बाहेर पडतं. त्या भोकांत पानगळीचा कचरा अडकला की पाणी तुंबतं आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, उतरतं. सिल आतून कुजत जातो. बाहेरून रंग चकचकीत, बोटाने दाबलं तरी काही कळत नाही, आणि मग एका तपासणीत ठोकलं की आरपार भोक. त्यावर इलाज काय, तर पानगळ संपली की एक लवचीक प्लॅस्टिकची काडी त्या भोकातून हळूच खाली घालायची, मग तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते चाकापुढे धारेने पडतंय का ते वाकून बघायचं. गढूळ थेंब थेंब आलं तर पुन्हा काडी. त्यानंतर सिलच्या आत मेणाचा फवारा. हिवाळ्यात इथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे हे टाळून चालत नाही. पाच मिनिटांचं काम, पण ते कुठलंही गॅरेज सर्व्हिसिंगमध्ये करत नाही. त्यांच्या यादीतच ते नसतं. जो ती गाडी रोज बघतो त्यालाच ते सुचतं.

ब्रेकचंही तेच. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या की एक पॅड डिस्कला घासत राहतो. मायलेज घटतं, चाक तापतं, आणि जोरात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. पिन बाहेर काढायची, तारेच्या ब्रशने स्वच्छ करायची, रबराला चालणारं ग्रीस लावायचं (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते), आणि बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या जोराने, आवळायचा. हे शिकता येतं. मात्र गाडी नुसत्या जॅकवर उचलून कोणीही, कधीही खाली जायचं नाही. सपाट जमीन, चाकांना अटकाव, आणि वजन पेलणाऱ्या लोखंडी घोड्या चेसिसच्या भक्कम जागी लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालू नये. भारतात कितीतरी जण, मेकॅनिकसुद्धा, विटांवर टेकवलेल्या गाडीखाली झोपतात. वीट तडकायला काही सूचना देत नाही.

इथले लोक हे सगळं स्वतः करतात त्यात संस्कृतीपेक्षा हिशेब जास्त आहे. गॅरेजची मजुरी तासाला ६०-७० पौंड सहज असते, तेवढ्यात सुट्टा भाग आणि हत्यारं येतात. पण आपल्याकडचा मिस्त्री जे करतो ते इथे आता दुर्मीळ होत चाललंय, हेही सांगायला हवं. ब्रेक शूला नवं लायनिंग मारून देणं, अल्टरनेटरचं वाइंडिंग उघडून भरणं, मास्टर सिलिंडरचं किट बदलणं, बाजारात मिळत नाही ते बुशिंग लेथवर काढून घेणं. इथे भाग बिघडला की अख्खा बदलतात; तो मिळत नसेल तर गाडी महिनोन्‌महिने उभी. इथले हौशी लोक ज्या कारागिरीसाठी देशभर फोन फिरवतात, ती आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहे. कमी आहे ती नोंद. मिस्त्रीने काय बदललं, कधी, कुठल्या मापाचं, याचा कागद नसतो. त्याने दोन ओळींचं बिल दिलं आणि मालकाने ते फाइलला लावलं, तर पाच वर्षांनी पासिंग करणाऱ्या इन्स्पेक्टरलाही ती फाइल दाखवता येईल. मामाकडे अशी फाइल असती तर ग्रुपवरचं भांडण दहा मिनिटांत मिटलं असतं.

इंग्लंडचं सगळंच अनुकरण करा असं मी म्हणणार नाही. लंडनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या भागांत धुराचा कर आहे. पेट्रोल गाडी युरो-४ आणि डिझेल युरो-६ या धुराच्या मानकांत बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. यात माझ्यासारखी नव्वदची नीट राखलेली गाडी भरडली जाते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला मात्र हा कर माफ, रोड टॅक्स माफ, आणि मोठे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून एमओटीही माफ. ही शेवटची माफी मला पूर्णपणे चुकीची वाटते. चाळीस वर्षांच्या ब्रेकच्या नळीला तपासणीची गरज कमी कशी होईल? इथले कित्येक मालक माफी असूनही दर वर्षी स्वतःहून तपासणी करून घेतात, ते बरोबर करतात.

आपल्या नियमांत याच्या उलट बाजूला खड्डा आहे. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘विंटेज’ दर्जा मिळतो, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी होते. जर्मनीत ही रेषा तीस वर्षांवर आहे, इथे चाळीसवर. आपल्याकडे पन्नास म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सगळ्या गाड्या मधल्यामध्ये लटकतात. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ ची. तिला विंटेज व्हायला अजून कित्येक वर्षं. कॉन्टेसा त्याहून नंतरची. आपल्या पिढीने ज्या गाड्यांवर जीव टाकला त्या नेमक्या याच काळातल्या, आणि त्या पन्नाशीला पोचण्याआधीच भंगारात गेल्या तर विंटेज नियमाचा फायदा फक्त राजेरजवाड्यांच्या गाड्यांना. तीस वर्षांवरच्या, वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाड्यांसाठी एक मधला वर्ग हवा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांच्या नियमाने रस्त्यावरून उतरली. वाईट वाटलं, तरी तो नियम मला पटतो. टॅक्सी दिवसभर शहरात धूर सोडत फिरते. रविवारी सकाळी तासभर बाहेर निघणाऱ्या पद्मिनीला तोच नियम लावण्यात अर्थ नाही.

जुन्या गाड्या प्रदूषण करतात, हा मामेभावाचा मुद्दा खोटा नाही. आपल्या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला तो १९९५ मध्ये. त्याआधीची गाडी कितीही ट्यून केली तरी आजच्या गाडीएवढी स्वच्छ होणार नाही. पण २००५ च्या एस्टीमला कन्व्हर्टर आहे. तो जिवंत आहे का, मिश्रण बरोबर आहे का, इंजिन ऑइल खातंय का, हे मोजता येतं, फक्त पीयूसी, म्हणजे धुराचं प्रमाणपत्र, गाडी न आणता मिळता कामा नये. स्वयंचलित तपासणी केंद्रांना जुन्या गाडीचे मालक घाबरतात. मला वाटतं त्यांनीच त्यासाठी आग्रह धरावा. यंत्राला एजंट लागत नाही.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे मामासारख्या जुन्या गाडीवाल्यांच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी सुपर पेट्रोलमध्ये पाच टक्क्यांचा पर्याय मुद्दाम ठेवला, आणि आपल्या गाडीला कोणतं चालतं ते बघायची सरकारी सोय केली. आपल्याकडे वीस टक्के आलं आणि नेहमीच्या पंपावर कमी मिश्रणाचा पर्याय उरला नाही. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी बराच काळ उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा खाऊ शकतं. जुने होज आतून मऊ पडतात, त्यांचे कण फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. त्याहून वाईट म्हणजे होजला चीर गेली तर पेट्रोल गरम इंजिनवर गळतं. जो नियम मालकाला हा खर्च करायला लावतो, त्याने पर्यायी पंप तरी द्यावा.

तोवर मामाने काय करावं? इथेनॉल सोसणारे होज आणि नवे क्लॅम्प सगळीकडे टाकून घ्यावेत, फिल्टरसकट. टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे वाचावेत: २३१६ असेल तर ते २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत, आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी बदलायचे. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलावं. निघालेलं इंजिन ऑइल गटारात न टाकता डब्यात भरून ते रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्यावं. सोसायटीने पार्किंगमध्ये काम करू द्यावं असं वाटत असेल तर फरशीवर एक डाग पडता कामा नये. आणि पासिंगच्या आधी गाडी रॅम्पवर चढवून, दोघांनी मिळून, मामा आणि मामेभाऊ, सिल आणि फ्लोअर टॉमीच्या, म्हणजे लोखंडी दांड्याच्या, टोकाने ठोकत जावं. टणक आवाज आला तर मामाने १०,००० रुपये भरून पाच वर्षं गाडी चालवावी. टोक आत शिरलं आणि खालून तपकिरी भुगा पडला, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी मी मामेभावाच्या बाजूला जाईन, आणि मामाला तसं फोनवर सांगेनही.