गाऱ्हाणे आणि कौल

गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारातील पिंपळाच्या पारावर आम्ही चौघे मित्र गेली कित्येक वर्षे संध्याकाळी बसतो. गेल्या आठवड्यात भाई दोन महिन्यांनी प्रथमच तेथे आले आणि चहा येण्याआधीच त्यांनी विचारले, "देवीने उजवा कौल दिला होता. मग तो खोटा कसा ठरला?"

या प्रश्नामागचा प्रसंग सांगायला हवा. वहिनींच्या पोटातील गाठ काढावी की नाही, असा पेच पडला तेव्हा भाईंनी ग्रामदेवतेला प्रसाद लावला होता, म्हणजे तिचा कौल मागितला होता; उजवी पाकळी पडली तर होकार. त्या वेळी मीही गर्भागाराबाहेर उभा होतो. पुजाऱ्यांनी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, भाईंच्या वतीने गाऱ्हाणे घातले, आणि समईच्या उजेडात आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. बराच वेळ काहीच हलले नाही. मग उजव्या खांद्यावरची एक पाकळी हळूच सुटली, क्षणभर साडीच्या काठावर अडली आणि खाली पडली. भाईंना हुंदका फुटला. तो सुटकेचा होता. शस्त्रक्रिया झाली आणि नवव्या दिवशी वहिनी गेल्या.

मास्तर म्हणाले, "भाई, प्रारब्ध कोणाला चुकले आहे? देव भोग पुसत नाही, तो भोगण्याचे बळ देतो." त्यांनी तुकोबांचे उदाहरण दिले. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नान्न करीत गेली, तरीही त्यांनी त्या आपत्तीबद्दल देवाचे उपकारच मानले.

भाईंनी शांतपणे उत्तर दिले, "तुकोबा ते स्वतःच्या दुःखाविषयी बोलले, मास्तर. तुम्ही माझ्या दुःखाविषयी बोलत आहात."

मास्तर गप्प झाले. ते मनाने अत्यंत मऊ आहेत आणि त्यांना दुखवायचे नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. परंतु दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याची घाई किती जिव्हारी लागते, हे मला त्या क्षणी फार जवळून दिसले.

मास्तरांचा पुतण्या प्रशांत महाविद्यालयात शिकवतो. तो त्या दिवशी आमच्यात होता. तो म्हणाला, "देवाच्या मर्जीवाचून झाडाचे पानही हलत नाही, असे आपण म्हणतो. तसे असेल, तर पाकळी त्याच्या मर्जीने पडली आणि गाठ मात्र आपोआप वाढली, असे धरता येणार नाही. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला. त्या वेळी चर्चमध्ये लोक प्रार्थना करीत होते. छपरे त्यांच्यावरच कोसळली, सणाच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि जीव वाचवायला नदीकाठी धावलेल्यांना समुद्राच्या लाटांनी गाठले. आपल्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांची ती राजधानी होती, आणि तेथेही हे कोणाच्या पापाचे फळ, यावर प्रवचने झाली. त्या चर्चमध्ये लहान मुलेही असतील, त्यांचे पाप कोणते?"

या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नाही. मी जन्मभर देव मानत आलो आहे, म्हणून हे अधिक स्पष्टपणे लिहितो.

आमच्यातले चौथे, मिंगेलबाब, तीस वर्षे तारवटी म्हणजे खलाशी होते. बोटीवरच्या रात्रपाळीत त्यांनी बायबल अनेकदा वाचले आहे, पण पारावर ते क्वचितच धर्माविषयी बोलतात. ते म्हणाले, "ईयोबाची मुले मेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे उठली. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याचे दुःख पाहून एकानेही शब्द काढला नाही. नंतर मात्र ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. तुझे काहीतरी चुकले असणार, देव अन्याय करीत नाही, असे ते त्याला समजावत राहिले. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत होता. शेवटी देव वादळातून बोलला. पृथ्वीचा पाया मी घातला तेव्हा तू कोठे होतास, असे त्याने ईयोबाला विचारले. दुःखाचे कारण मात्र सांगितले नाही. आणि राग कोणावर केला? देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे खरे बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे त्याने त्यांना सुनावले."

भाई म्हणाले, "ईयोबाला पुढे पुन्हा दहा मुले झाली, असे तुम्हीच एकदा सांगितले होते. पण आधीची दहा परत आली काय?"

"नाही आली," मिंगेलबाब म्हणाले. "तेथे वाचताना मीही दर वेळी अडतो."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मला मात्र एका शब्दाने पछाडले होते. देवापुढे नारळ ठेवून आपण जे मागतो त्याला गोव्यात गाऱ्हाणे म्हणतात, आणि कोणाविरुद्ध तक्रार करायची असली तरी गाऱ्हाणेच म्हणतात. आपल्या पूर्वजांनी विनवणी आणि तक्रार यांना एकच शब्द ठेवला, याचा अर्थ तक्रार करणारा माणूस देवळाबाहेर गेलेला नसतो, असा मी घेतो. तुकोबांनी उपकार मानले हे खरे. पण त्याच तुकोबांनी विठ्ठलाशी कडकडून भांडणही केले, आणि जनाबाईने तर त्याला शिव्या घातल्या. जो सत्ताधीश आहे त्याच्याकडेच दाद मागता येते. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्याशी कोण भांडेल?

मी हे बोललो, तेव्हा प्रशांतने ते लगेच मान्य केले नाही. ही मनाची समजूत आहे, असे तो म्हणाला. तेव्हा मी त्याला 1560 साली कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग प्रियोळला कसे आणले गेले, याची आठवण करून दिली. पोर्तुगिजांमुळे मूळ देऊळ धोक्यात आले, तेव्हा भक्तांनी देवाला उचलून झुवारी नदी ओलांडली. याने आपले रक्षण करायचे की आपण याचे, हा प्रश्न त्या होडीतल्या माणसांच्या मनात आला नसेल, असे मला मुळीच वाटत नाही. तरीही त्यांनी त्याला खाली ठेवले नाही.

भाईंनी कपातला गार झालेला चहा संपवला. ते म्हणाले, "प्रसाद मी यापुढे लावणार नाही. पण सोमवारी देवळात जाईन. त्या पाकळीचे काय, हे मला तिलाच विचारायचे आहे, आणि पुजाऱ्यांमार्फत नाही, माझ्याच तोंडाने."

मास्तरांनी सोबत येऊ का, असे विचारले. भाईंनी मान हलवली. "या," ते म्हणाले, "पण काही समजावू नका."

मिंगेलबाब म्हणाले, "मीही येतो. बाहेर दीपमाळेपाशी बसतो."