‘पाच मिनिटांचं काम’ आणि विद्यापीठातलं केंद्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मतदार नोंदणीपासून ग्रामसभा, मतमोजणी आणि माहिती अधिकारापर्यंतची कामं विद्यार्थ्यांना करून शिकवणारं केंद्र असावं, असं मी ‘प्रत्येक विद्यापीठात नागरिक शिक्षणाचं केंद्र हवं’ या लेखात मांडलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही. खाली दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून वेगळं उत्तर लिहितो आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : मतदार नोंदणी मोबाइलवर पाच मिनिटांत होते, त्यासाठी केंद्र कशाला? राष्ट्रीय सेवा योजना आणि निवडणूक आयोगाची महाविद्यालयांतली मतदार साक्षरता मंडळं आहेतच, मग आणखी एक पाटी का लावायची? आणि सगळ्यांत जड आक्षेप असा की, विद्यापीठात राजकारण शिरलं की जो पक्ष सत्तेत असेल त्याचा तो अड्डा होणार.

अर्ज भरायला पाच मिनिटं लागतात, मान्य. पण अर्ज भरणं आणि नाव यादीत येणं यांच्यामध्ये पडताळणी असते, आणि विद्यार्थ्यांची गळती होते ती तिथे. गावाकडून पुण्यात शिकायला आलेली, वसतिगृहात राहणारी मुलगी घ्या. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे ती आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करू शकते. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. शिवाय प्राचार्य, कुलसचिव, संचालक किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं, आयोगाने दिलेल्या नमुन्यातलं बोनाफाइड जोडावं लागतं. ही मुलगी काय करते? अर्जात पुण्याचा पत्ता लिहिते आणि पुरावा म्हणून गावचा पत्ता असलेलं आधार कार्ड जोडते. किंवा खिडकीवर मिळणारं, शिष्यवृत्तीसाठीचं बोनाफाइड जोडते, ज्यात वसतिगृहाचा उल्लेखच नसतो. बीएलओ, म्हणजे त्या भागातल्या मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, पडताळणीला येतो तेव्हा मुलं तासाला गेलेली असतात. पत्त्यात खोली क्रमांक नसतो आणि फाटकावरच्या रखवालदाराला चारशे नावं पाठ नसतात. शेरा पडतो : पत्त्यावर आढळले नाही.

यात कुणाची बदमाशी नाही आणि ॲप सुधारूनही हे सुटत नाही. त्याला माणूस लागतो. रेक्टरकडून खोलीनिहाय यादी सही-शिक्क्यासह घ्यायची, बोनाफाइडवर प्राचार्यांच्या एकगठ्ठा सह्या करून घ्यायच्या आणि बीएलओला एक ठरलेली संध्याकाळ द्यायची. अर्ज फेटाळला गेलाच, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायला पंधरा दिवस असतात. ही मुदत टळते, कारण निर्णय झाल्याचं अर्जदाराला कळतच नाही. सायबर कॅफेत अर्ज भरलेला असतो, मोबाइल क्रमांक कॅफेवाल्याचा असतो आणि संदर्भ क्रमांक कुणीच लिहून ठेवलेला नसतो.

दुसरी नेहमीची चूक फॉर्म निवडण्यात होते. गावी नाव आधीच असेल तर पुण्यात नमुना ६ भरायचा नाही. स्थलांतरासाठी नमुना ८ आहे. नमुना ६ हा पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात नाव दुसरीकडे नसल्याचं प्रतिज्ञापन असतं. खोट्या प्रतिज्ञापनाला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलं हे मुद्दाम करत नाहीत. ‘नवीन मतदार’ हे बटण वर दिसतं म्हणून ते दाबतात. तिसरी चूक अगदीच बारीक आहे, पण कार्ड हातात पडल्यावर डोकेदुखी होते : इंग्रजीत नाव टाकलं की मराठी रकाना आपोआप भरला जातो आणि ‘काळे’चं ‘काले’, ‘साठे’चं ‘साथे’ होऊन बसतं. तो रकाना हाताने तपासायचा.

तारखांचं गणितही सरळ नाही. २०२२ पासून अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात त्या तारखा, वर्षाला चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे प्रथम वर्षाचा प्रवेश घेतानाच हे काम उरकता येईल. पण यादीत नाव आलं म्हणजे प्रत्येक निवडणुकीत मत देता येईलच असं नाही. राज्य निवडणूक आयोग स्थानिक संस्थांसाठी विधानसभेचीच एका ठरावीक तारखेची यादी घेऊन प्रभागनिहाय फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलाचं नाव ऑक्टोबरच्या तारखेने विधानसभेच्या यादीत आलं, तरी महापालिकेसाठी ते नव्हतंच. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊनही ते येत नाही, कारण तिथे फक्त यादी फोडतानाच्या चुका दुरुस्त होतात. मतदान महिन्यावर आल्यावर महाविद्यालयात लागणारा ‘आजच नोंदणी करा’ हा फलक अशा वेळी निव्वळ दिशाभूल करतो.

आता एक गोष्ट, जी नोंदणी शिबिरात कुणी सांगत नाही. गावचं नाव पुण्याला हलवलं की ती मुलगी ग्रामसभेची सदस्य राहत नाही, कारण ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. वर्षातून किमान चार सभा होतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. तहकूब सभेला तीही लागत नाही, आणि बरेच ठराव अशाच सभेत होतात. ज्या विद्यार्थ्याचं घर आणि शेत गावी आहे, सुट्टीत जो तिथेच असतो आणि एकविसाव्या वर्षी ज्याला ग्रामपंचायत लढवायची आहे, त्याने नाव गावीच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पुढची पाच वर्षं शहरातच काढायची आहेत त्याने शहरात आणावं. हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे, पण तो दोन्ही बाजू माहीत असताना घ्यायला हवा. अभ्यासक्रम संपताना ‘नो ड्यूज’च्या कागदासोबत नमुना ८ हातात द्यायची पद्धत पाडली, तर वसतिगृहाच्या पत्त्यावर वर्षानुवर्षं पडून राहणारी नावंही कमी होतील.

मतदार साक्षरता मंडळांबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं मला पटतं. २५ जानेवारी २०१८ ला, राष्ट्रीय मतदार दिनी, ती सुरू झाली तेव्हा कल्पना चांगली होती. आज बहुतेक ठिकाणी त्यांचं वर्ष २५ जानेवारीलाच सुरू होतं आणि त्याच दिवशी संपतं : शपथ, रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, फोटो अपलोड. कारण उघड आहे. नोडल शिक्षकाला त्यासाठी तास मिळत नाहीत, आणि वरून मागितला जातो तो अहवाल उपक्रमांचा असतो, यादीत आलेल्या नावांचा नसतो. सेवा योजनेकडे वर्षाचे १२० तास आहेत, पण त्यात रक्तदानापासून वृक्षारोपणापर्यंत सगळंच बसवायचं असतं. केंद्र या दोघांच्या जागी नको, त्यांच्या पाठीशी हवं : नमुने, प्रशिक्षण, तालुक्याच्या निवडणूक शाखेशी संपर्क आणि अर्जांचा पाठपुरावा.

आणि नोंदणी हा केंद्राच्या कामाचा फार तर चौथा हिस्सा. विद्यापीठाशी थेट जोडलेल्या निवडणुका पाहा. विधान परिषदेत पदवीधरांच्या सात जागा आहेत. त्यासाठी नमुना १८ भरावा लागतो, अर्हता तारीख १ नोव्हेंबर असते, पदवी त्याआधी किमान तीन वर्षं मिळालेली हवी आणि यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. मागच्या वेळचं नाव चालत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेवरही (सिनेटवरही) नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. पदवी देणारी संस्था विद्यापीठ, आणि पदवीदान समारंभात याबद्दल चकार शब्द नाही!

या मतपत्रिकांवर पसंतिक्रम लिहायचा असतो, आणि शिकलेली माणसं तिथेच मत बाद करून येतात. विधान परिषदेला मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच आकडा लिहायचा. ‘१’ हवाच, आणि तो एकाच उमेदवारापुढे. बरोबरची खूण, फुली, अक्षरी ‘एक’ किंवा सही केली की मत गेलं. हे भाषणाने कळत नाही, एक तासिका खर्च करून मोजूनच कळतं. वर्गात ४० मतपत्रिका आणि चार उमेदवार घ्या. समजा दोन बाद झाल्या. वैध ३८, त्याला दोनने भागून अधिक एक, म्हणजे कोटा, जिंकायला लागणारी मतं, २०. पहिल्या पसंतीची मतं अ १४, ब ११, क ८, ड ५. कुणीच २० वर नाही, म्हणून ड बाहेर. त्याच्या पाच पत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली तर ब ला तीन, अ ला एक आणि एका पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही, ती संपली. आता अ १५, ब १४, क ८. क बाहेर, त्याच्या आठांतल्या सहा ब कडे, दोन अ कडे. ब २०, अ १७. पहिल्या फेरीत मागे असलेला ब निवडून आला. यानंतर वर्गात जो वाद पेटतो तो खरा पाठ. फक्त मतमोजणीला पुठ्ठ्याचे पाच खण करा, नाहीतर बाहेर पडलेल्याच्या पत्रिका इतरांत मिसळतात आणि बेरीज ३८ ला जुळत नाही.

माहिती अधिकाराचंही तसंच. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. विद्यार्थी लिहितात : ‘रस्ता अजून का झाला नाही?’ जनमाहिती अधिकारी खुलासा करायला बांधील नसतो, जे कागदावर आहे ते द्यायला असतो. म्हणून कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयकांची प्रत मागायची. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६ पासून नागरिकांना पाच लाखांपर्यंतची कामं सुचवता येतात. तिथेही सोसायटीच्या आतलं काम सुचवलं की ते बाद होतं.

आता अड्ड्याचा प्रश्न. तुमची भीती निराधार नाही, पण तुमचा उपाय, म्हणजे राजकारणाचं नावच काढायचं नाही, आपण करून पाहिला आहे. हिंसाचारामुळे नव्वदच्या दशकात राज्यात महाविद्यालयीन निवडणुका थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणल्या, पण प्रत्यक्षात पुढेच ढकलल्या गेल्या. पक्ष आवारातून गेले का? ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि गणेश मंडळाच्या वर्गणीत आहेतच. गेलं ते खुलं मतदान आणि त्याबरोबरचे नियम. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा, ७५ टक्के उपस्थिती आणि फक्त हातांनी केलेली पोस्टर्स अशा अटी घातल्या होत्या. त्या पाळून घेण्याचा सराव आपल्या प्राध्यापकांना मिळालाच नाही.

जर्मनीत नाझी काळाच्या अनुभवानंतर हा प्रश्न जास्तच नाजूक होता. १९७६ मध्ये बॉयटल्सबाख गावी झालेल्या बैठकीतून तीन तत्त्वं पुढे आली, आणि राजकीय शिक्षण देणारे तिथे आजही ती मानतात : विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून त्यासाठी काही करता येईल इतकं सक्षम करायचं. दुसरं तत्त्व मला सर्वांत कामाचं वाटतं, कारण ते गप्प बसण्याची पळवाट बंद करतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाचं राजकारण केंद्र १९९८ पासून चालू आहे आणि दोन्ही पक्षांची माणसं तिथे बोलावली जातात.

आपल्याकडे हे नियमांत उतरवायचं तर असं : प्रभागातल्या सर्व उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच नमुन्यातलं लेखी निमंत्रण. सर्वांना तेच प्रश्न, घड्याळ लावून सारखी मिनिटं. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी, पण कार्यक्रम रद्द नाही. नाहीतर एकटा उमेदवार गैरहजर राहून सगळ्यांचा कार्यक्रम पाडू शकतो. आचारसंहिता लागली की निवडणूक अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय काही नाही. आणि केंद्राच्या उद्घाटनाला मंत्री नको, आमदार नको. पहिला फोटोच पुढची दहा वर्षं चिकटतो. सल्लागार समितीत सगळेच कुलगुरूंनी नेमलेले असतील तर मात्र तुमचा आक्षेप मी शब्दशः मान्य करेन.

खर्चाचं तुम्ही विचारलं होतं. विद्यापीठात एक पूर्णवेळ समन्वयक, प्रत्येक महाविद्यालयात एक शिक्षक ज्याचा आठवड्याचा एक तास खरोखर कमी केला आहे, आणि एक स्कॅनर. मनुष्यबळ म्हणजे विद्यार्थीच : नव्या अभ्यासक्रमातल्या क्षेत्र प्रकल्पाला दोन श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे साठ तास. त्यांतले दहा प्रशिक्षणाला, वीस नोंदणी आणि पाठपुराव्याला, उरलेले तीस एका ग्रामसभेच्या किंवा प्रभागाच्या एकाच प्रश्नामागे कागद गोळा करायला. मूल्यमापन करताना भरलेल्या अर्जांचा आकडा धरू नका, तो फुगवता येतो. दोन महिन्यांनी यादी उघडून किती नावं आली आणि किती फेटाळली गेली, कोणत्या शेऱ्याने, ते मोजा. शेऱ्यांचा तक्ता प्राचार्यांच्या टेबलावर गेला की बोनाफाइडचा नमुना पुढच्या जूनपासून आपोआप बदलतो.

तुमच्या महाविद्यालयात मुलींचं वसतिगृह आहे असं तुम्ही लिहिलं आहे. रेक्टरबाईंकडून खोलीनिहाय यादी मिळत असेल तर तेवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. बोनाफाइडचा नमुना तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत मिळतो.