घरबसल्या बिल्डिंग इंजिनिअर व्हा!

वाशी-नेरुळकडच्या जुन्या सिडको सोसायटीत घर घेतलंत? मग इंजिनिअरिंगचं कॉलेज विसरा, तुम्ही झालातच.

आधी कॉलम कुठला, बीम कुठला हे मुळीच शिकू नका. शिकलात तर हॉल वाढवताना उगाच हात थरथरतो. इमारत आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्यावर उभी आहे की भिंतींवर, असलंही मिस्त्रीला विचारू नये. त्याला अपमान वाटतो. त्यानं भिंतीवर दोन टिचक्या मारून “पाडा बिनधास्त” म्हटलं, की झाला तुमचा स्ट्रक्चरल रिपोर्ट.

आता छताचे पोपडे. पावसाचं पाणी मुरतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो, असं कुणी समजावू लागलं तर तो वॉटरप्रूफिंगवाल्याचा मेहुणा असणार हे ओळखा. उपाय सोपा आहे. व्हाइट सिमेंट भरा, पुट्टी फासा, दिवाळीआधी रंग द्या. सळई आत गंजत राहील, राहू दे. दिसत नाही त्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव होत नाही.

पाइपामागे पिंपळ उगवला तर वरच्या वर छाटा. मुळं भिंतीतच राहिली की पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा भेटीला येतो. तेवढाच निसर्ग.

सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीत, लिहिलंय, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा. हे सभेत वाचून दाखवणाऱ्याला ताबडतोब कमिटीत घ्या. पुढच्या सभेपासून तोच “बघू या” म्हणू लागतो. ऑडिट टळतच नसेल तर सर्वांत स्वस्त कोटेशन निवडा, म्हणजे पार्किंगमधून मान वर करून तपासणी होते. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक वगैरे काँक्रीट तपासायच्या चाचण्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले. आणि कोअर टेस्टला तर म्हणे काँक्रीटला भोक पाडतात! धडधाकट इमारतीला?

सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, मात्र भरा, नियमाने. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. खर्च अर्थातच बांधला तेव्हाचा धरायचा. 1985 साली घराला 60 हजार लागले असतील तर वर्षाला दीडशे रुपये. यात मोठी दुरुस्ती होत नाही, पण हिशेब चोख राहतो आणि मेंटेनन्स वाढवला म्हणून खजिनदाराला शिव्या बसत नाहीत. दीडशेत न भागणारं सगळं रीडेव्हलपमेंटवर ढकला. ते होणारच आहे. कुठला बिल्डर, एवढंच ठरायचंय.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात आपलं नाव ‘सी-1’ खाली, म्हणजे तात्काळ रिकामी करा या वर्गात आलं, तर घाबरू नका. नोटीस लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावा आणि तिच्यावर गणपतीच्या वर्गणीचा कागद टाचा.